उदगीर कुठल्या वर्गात?

संगणकावर विकिपीडियाचा कुठलाही लेख खालपर्यंत सरकवत नेला की तळाशी एक बारीक पट्टी लागते. ‘वर्ग’ असं लिहिलेलं आणि पुढे उभ्या रेघांनी तोडलेली चार-सहा नावं. वाचणारे बहुतेक तिथवर पोचत नाहीत. हवी ती तारीख मिळाली, हवं ते नाव मिळालं, पान बंद. मोबाईलवर तर ती पट्टी सहसा दिसतच नाही, आणि आपल्याकडं बहुतेक जण वाचतात मोबाईलवरच, याची मला फार हळहळ वाटते. कारण मी लेख उघडला की आधी तळाशी जाते. लेखात काय आहे ते लेख सांगतो. पण तो कुणाच्या शेजारी बसलाय, कुणाला सापडणार आणि कुणाला कधीच सापडणार नाही, हे त्या पट्टीवर ठरतं.

माझी नोकरी नांदेडला, एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. त्यामुळं वर्गीकरण हा आमच्या पोटापाण्याचाच विषय. मेल्विल ड्यूईनं १८७६ साली दशांश पद्धत काढली, ती आजही आमच्या कपाटांवर चालते. तिची अडचण अशी की पुस्तक ही वस्तू आहे, ती एका वेळी एकाच फळीवर राहते. पैठणीवरचं पुस्तक विणकामात ठेवायचं, पेहरावात ठेवायचं की पैठणच्या इतिहासात, हे ठरवावंच लागतं. ते ठरवलं की उरलेल्या दोन ठिकाणी शोधणारा वाचक हात हलवत परत जातो. विकिपीडियावर ही अडचण नाही. लेख एकच, पण त्याला वर्ग हवे तेवढे. लेखाच्या शेवटी दुहेरी चौकटी कंसात [[वर्ग:पैठण]] लिहिलं, पुढच्या ओळीत [[वर्ग:हातमाग]] लिहिलं, की पैठणीचा लेख दोन्हीकडं हजर. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि वर्गांची ही सोय विकिपीडियावर २००४ मध्ये आली. म्हणजे मराठी विकिपीडिया जवळजवळ जन्मापासून वर्गांसोबतच वाढलाय.

खरं काम पुढच्या पायरीवर आहे. वर्गाचं स्वतःचं एक पान असतं आणि त्या पानालाही वर्ग लावता येतो. ‘औसा तालुक्यातील गावे’ हा वर्ग ‘लातूर जिल्ह्यातील गावे’मध्ये, तो ‘मराठवाड्यातील गावे’मध्ये, तो ‘महाराष्ट्रातील गावे’मध्ये. मराठवाड्याचे ८ जिल्हे आणि ७६ तालुके असे एकाखाली एक नीट लागले की गावांच्या हजारो छोट्या लेखांना बसायला जागा मिळते. म्हणून प्रघात असा की लेखाला सगळ्यात जवळचा वर्ग लावायचा आणि वरचे वर्ग त्याच लेखावर पुन्हा लादायचे नाहीत. किल्लारीच्या लेखाला ‘औसा तालुक्यातील गावे’ पुरे. लातूर, मराठवाडा, महाराष्ट्र हे त्याला वरून मिळतंच.

‘मिळतंच’ असं आपण म्हणतो खरं. पण ‘महाराष्ट्रातील गावे’ हे पान उघडून बघा, तिथं किल्लारी दिसणार नाही, फक्त उपवर्गांची नावं दिसतील. सातबाऱ्यावर असंच असतं. बाप गेला म्हणून मुलाचं नाव उताऱ्यावर आपोआप चढत नाही. वारस कोण हे साऱ्या गावाला ठाऊक असलं तरी फेरफार व्हावा लागतो. विकिपीडियाचं सॉफ्टवेअरसुद्धा कोण कुणाखाली आहे एवढंच जाणतं, वरच्या पानावर खालच्याची नोंद करत नाही. ती पायरी वाचकानं स्वतः उतरायची, नाहीतर पेटस्कॅनसारख्या साधनाला सांगायचं की या वर्गाखाली पाच पायऱ्यांपर्यंत जे काही आहे ते सगळं काढून दे.

आणि असं साधन खाली सोडलं की आपण वर काय काय जोडून ठेवलंय ते उघडं पडतं.

एक साखळी करून बघू. ‘नद्या’ या वर्गाखाली ‘गोदावरी नदी’ हा वर्ग. बरोबर. त्याखाली ‘गोदावरीकाठची गावे’. बरोबरच. त्याखाली ‘पैठण’. त्याखाली ‘पैठणमधील व्यक्ती’. आणि त्यात संत एकनाथ. एकेक जोड सुटी दाखवली तर कुणीही मान डोलवेल. पण साधनाला विचारलं, ‘नद्या’खालचे सगळे लेख दे, की यादीत पूर्णा, दुधना, मांजरा, तेरणा, बिंदुसरा यांच्या रांगेत एकनाथ महाराज येतात. पाठोपाठ ‘पैठण’ वर्गातली पैठणी येते. यंत्रानं सांगितलं तेवढंच केलं. घोटाळा दोन वेगळी नाती एकाच पद्धतीनं जोडल्याचा आहे. पूर्णा ही नदी आहे. पैठणचं गोदावरीशी नातं आहे, पण पैठण नदी नाही. पहिल्या प्रकारच्या नात्यातून वरचं खाली उतरतं, कितीही पायऱ्या असोत. दुसऱ्या प्रकारातून ते एक पायरी कसंबसं टिकतं आणि मग हवेत विरतं.

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. ‘नद्या’, ‘गावे’, ‘संत’ असे अनेकवचनी वर्ग हे एका जातीच्या गोष्टींची यादी असतात. ‘गोदावरी नदी’, ‘पैठण’ असे एकवचनी वर्ग हे एका विषयाभोवती जमलेलं सगळं असतं: घाट, देवळं, पूर, माणसं, कापड. गोदावरी नदी हा लेख ‘मराठवाड्यातील नद्या’मध्ये जाऊ द्या. ‘गोदावरी नदी’ हा विषयाचा वर्ग मात्र तिथं जोडू नका. नद्यांच्या नावानं जे वर्ग असतात त्यांच्यासाठी एक वेगळं घर करा आणि तो तिथं ठेवा. मग ‘नद्या’खाली उतरणाऱ्याला नद्याच मिळतात, आणि ज्याला गोदावरीचा सगळा परिसर हवा त्याला तोही मिळतो.

वर्गाला वर्ग जोडताना मी स्वतःला एक प्रश्न विचारते. खालच्या वर्गातला कुठलाही एक लेख डोळे मिटून उचलला, तर वरच्या वर्गाचं नाव त्याच्याबद्दल खरं ठरेल का? आणि लेख म्हणजे आज आहेत तेवढेच धरायचे नाहीत. पुढच्या पावसाळ्यात गंगाखेडचा कुणी विद्यार्थी जो लेख लिहील आणि भाबडेपणानं जवळचा वर्ग लावेल, तोही धरायचा. लेखाला वर्ग लावताना आपण एका लेखाबद्दल बोलतो. वर्गाला वर्ग लावताना आपण त्याच्या खालच्या सगळ्यांच्या वतीनं बोलतो, अजून न लिहिलेल्यांच्याही. म्हणून पहिल्या कामात चटकन हात चालला तरी चालेल, दुसऱ्यात थांबून बघावं.

न थांबता जोडत गेलं तर फेरेही पडतात. ‘मराठवाडा’खाली ‘मराठवाड्याचा इतिहास’, त्याखाली ‘हैदराबाद संस्थान’, त्याखाली ‘हैदराबाद संस्थानातील प्रदेश’, आणि त्याखाली पुन्हा ‘मराठवाडा’. आजोबाच नातवाच्या पोटी. सॉफ्टवेअर हे अडवत नाही. माणसानंच बघायचं.

मी मूळची उदगीरची, आणि या सगळ्या विचाराला माझ्यासाठी उदगीरचीच पार्श्वभूमी आहे. आमच्या आजोबांच्या जुन्या कागदांवर जिल्हा बीदर. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद. माझ्या कागदांवर लातूर. घर त्याच गल्लीत, आडाचं पाणीही तेच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बीदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके उस्मानाबादला जोडले गेले. १९८२ मध्ये उस्मानाबादेतून लातूर वेगळा निघाला. मराठवाडाभर हेच झालंय. १७ सप्टेंबर १९४८ नंतर निजामाच्या राजवटीतून सुटलेले ५ मराठी जिल्हे होते: औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद. १९८१ मध्ये औरंगाबादेतून जालना आला, पुढच्या वर्षी लातूर, १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली, आणि त्यांचे ८ झाले.

आता १७६० सालची उदगीरची लढाई घ्या. सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं ती. तिला ‘लातूर जिल्ह्याचा इतिहास’ हा वर्ग लावायचा का? लढाई झाली तेव्हा लातूर जिल्हा व्हायला २२२ वर्षं होती. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ सालचा, जांब गावचा. ते गाव आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे. मग समर्थ ‘जालना जिल्ह्यातील व्यक्ती’ होतात का? काही जण म्हणतात, हा इतिहासावर अन्याय आहे, काढून टाका. त्यांचं म्हणणं मला समजतं, पण काढून टाकलं तर जालन्याचा शाळकरी मुलगा आपल्या जिल्ह्यात कोण कोण झालं हे शोधायला येतो, त्याला समर्थ भेटत नाहीत. हा अन्याय मला मोठा वाटतो.

माझ्या मते वाट अशी आहे. लढाईच्या लेखाला थेट जिल्हा लावूच नये. तिला ‘उदगीर’ लावावा, ‘मराठ्यांच्या लढाया’ लावावा, ‘इ.स. १७६०’ लावावा. ‘उदगीर’ हा वर्ग ‘लातूर जिल्हा’मध्ये असेल. गाव जागचं हलत नाही, काळही हलत नाही. हलतो तो जिल्हा, आणि तो एकाच पानावरच्या एका ओळीत ठेवलेला असतो. उदगीर जिल्हा व्हावा ही आमच्याकडची जुनी मागणी आहे. उद्या ती पुरी झाली तर त्या एका पानावरची एक ओळ बदलायची. किल्ला, लढाई, शाळा, माणसं, सगळे आपोआप नव्या जिल्ह्याखाली. तेच जर प्रत्येक लेखावर ‘लातूर जिल्हा’ चिकटवून ठेवला असेल, तर कुणालातरी लेखामागून लेख उघडत बसावं लागेल, आणि त्यातले काही सुटणारच. या पद्धतीचा खरा फायदा मला इथं दिसतो. बदलणारी गोष्ट शक्य तेवढ्या वर आणि शक्य तेवढ्या कमी ठिकाणी ठेवायची.

२०२३ मध्ये याची परीक्षाच झाली. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. वर्गाचं पान नव्या नावावर हलवणं सोपं आहे, पण त्यातले लेख सोबत येत नाहीत. प्रत्येक लेखाच्या तळाशी जुनं नाव अक्षरशः लिहिलेलं असतं, ते बदलेपर्यंत लेख जुन्याच वर्गात राहतो. हे काम सांगकाम्याकडून, म्हणजे बॉटकडून, करून घ्यावं लागतं. वर्ग साच्यातून, म्हणजे अनेक लेखांत वापरल्या जाणाऱ्या एकाच तयार तुकड्यातून, आलेला असेल तर मात्र साचा एका जागी बदलला की काम होतं. जुन्या नावाचं पान मिटवून टाकू नये, तिथून नव्याकडं जायची वाट ठेवावी असं माझं ठाम मत आहे. जुन्या पुस्तकांत, खटल्यांत, दाखल्यांत ती नावं राहणारच आहेत आणि त्या नावानं शोधणारेही.

विद्यापीठाचंही तसंच. १९५८ मध्ये स्थापना झाली ती मराठवाडा विद्यापीठ या नावानं. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. त्या नावासाठी कुणी काय सोसलं हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. माजी विद्यार्थ्यांचे वर्ग १९९४च्या अलीकडचे आणि पलीकडचे असे तोडावेत, असा विचार कुणाच्या मनात येऊ शकतो. मला तो मान्य नाही. विद्यापीठ एक आहे, वर्ग एकच असावा, आजच्या पूर्ण नावाचा.

वारशाची दुसरी बाजू जास्त दुखरी आहे. खाली सरकवलेला माणूस वरच्या पानावरून नाहीसा होतो. २०१३ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर ‘अमेरिकन कादंबरीकार’ या वर्गातून स्त्रियांची नावं एकेक करून काढून ‘अमेरिकन स्त्री कादंबरीकार’ या उपवर्गात नेली जात होती. एका लेखिकेनं न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यावर लिहिलं आणि मोठा गहजब झाला. हे करणाऱ्यांनी जवळचा वर्ग लावायचा नियमच पाळला होता. पण परिणाम काय, तर कादंबरीकार म्हणजे पुरुष, आणि स्त्रिया त्यांची एक पोटजात. आपल्याकडं जनाबाईंचं बघा. गंगाखेडची ही मुलगी पंढरपूरला नामदेवांच्या घरी वाढली. तिचे अभंग आजही जात्यावरच्या आठवणींसकट बायकांच्या तोंडी आहेत. ‘संत कवयित्री’ असा वर्ग जरूर असावा, त्यात जनाबाई जरूर असावी. पण म्हणून ‘मराठी संतकवी’मधून तिला काढायचं नाही. त्या पानावर नामदेव, एकनाथ, गोरा कुंभार यांच्या सोबत ती दिसलीच पाहिजे. लिंग, जात, धर्म यांवरून केलेला उपवर्ग ही जादा नोंद असते. तिनं मूळची नोंद खाता कामा नये. हा अपवाद नियमाइतकाच पक्का समजावा.

क्रमवारीचं एक छोटं काम आहे, पण वाचकाला फार उपयोगी. ‘संत एकनाथ’, ‘संत नामदेव’, ‘संत जनाबाई’ अशी पानं असली की वर्गात सगळे ‘स’खाली गर्दी करतात. वर्गाच्या नावापुढं उभी रेघ देऊन नुसतं ‘एकनाथ’ लिहिलं की ते ‘ए’खाली जाऊन बसतात. एका पानावर २०० च नावं दिसतात, त्यामुळं मोठ्या वर्गात याचा फार फरक पडतो.

शुद्धलेखनाचं मात्र मोठं आहे. ‘वेरूळ’ आणि ‘वेरुळ’ यंत्राला दोन गावं वाटतात. ‘जिल्ह्यातील’चं कुणी ‘जिल्यातील’ केलं की दुसरा वर्ग तयार. त्याचं पान कुणी बनवलेलं नसलं तरी लेख त्यात जमत जातात. असे पान नसलेले वर्ग लाल रंगात दिसतात आणि विशेष पानांच्या यादीत सापडतात. मी तिथून सुरुवात करते. पण जे डोळ्यांना दिसतच नाही त्याचं काय? ‘गोदावरीच्या किनाऱ्यावरील गावे’ असा एक वर्ग मला दोनदा दिसत होता. अक्षर न् अक्षर सारखं. एकात गावं वेगळी, दुसऱ्यात वेगळी. भिंगानं बघितलं असतं तरी फरक कळला नसता. ‘किनाऱ्या’तला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात ‘ऱ’ हे नुक्त्याचं वेगळं अक्षर, हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह, आणि य. पडद्यावर आकृती तीच उमटते, आत मात्र संकेत वेगळे, म्हणून वर्ग वेगळे. कीबोर्ड बदलला की हे होतं, लिहिणाऱ्याचा काही दोष नसतो. ‘दऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘शेतकऱ्यांच्या चळवळी’ हे सगळे शब्द त्यात सापडतात. शेतकऱ्यांबद्दलचं अर्धं ज्ञान एका कप्प्यात आणि अर्धं दुसऱ्यात, आणि दोन्हींच्या दारावर पाटी एकच. तेव्हापासून असा शब्द असलेला वर्ग दिसला की मी तो दोन्ही तऱ्हांनी टंकून शोधते.

एवढी यातायात कशाला, विकिडेटा, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीचा यंत्राला वाचता येणारा माहितीसाठा, आहे ना, असं नवी मुलं म्हणतात. खरं आहे. २०१३ पासून विकिडेटावर जनाबाईंचं जन्मस्थान गंगाखेड, गंगाखेड परभणी जिल्ह्यात, परभणी महाराष्ट्रात, अशी सुटी विधानं ठेवता येतात आणि यंत्र स्वतः पायऱ्या चढतं. तिथं ‘चा प्रकार’ आणि ‘चा उपप्रकार’ ही नाती वेगळी ठेवलेली असल्यानं एकनाथ महाराज नद्यांत जात नाहीत. आमच्या शि. रा. रंगनाथनांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडलं तेव्हा हेच तर सांगितलं होतं: एकच मोठं झाड वाढवत बसू नका, स्थळ वेगळं ठेवा, काळ वेगळा ठेवा, विषय वेगळा ठेवा आणि गरजेप्रमाणे जोडा. ग्रंथपाल म्हणून मला याचा अभिमान आहे. पण विकिडेटाला प्रश्न विचारायला त्याची भाषा शिकावी लागते. वर्गाचं पान मराठीत असतं, बोट लावलं की उघडतं. आणि ‘मराठवाडा मुक्तिसंग्रामातील व्यक्ती’ या नावाखाली कुणाला बसवायचं, हे कुठल्याही विधानातून आपोआप निघत नाही. स्वामी रामानंद तीर्थांचा जन्म आजच्या कर्नाटकातला. जन्मस्थानावर चालणारं यंत्र त्यांना मराठवाड्याबाहेर ठेवेल. अंबाजोगाईला त्यांनी शिकवलं, इथल्या लढ्याचं नेतृत्व केलं, नांदेडचं विद्यापीठ त्यांच्या नावाचं आहे. त्यांचा वर्ग इथल्या माणसांनीच लावायचा.

इथली माणसं हवीत ती यासाठी. वर्गाच्या पानावर वरच्या बाजूला दोन ओळी लिहायची जागा असते: या वर्गात काय यावं, काय येऊ नये. ती बहुतेक ठिकाणी रिकामी आहे. ‘मराठवाड्यातील व्यक्ती’मध्ये जन्म धरायचा, कर्मभूमी धरायची की दोन्ही, हे तिथं लिहिलेलं असलं तर पुढचे वाद वाचतील. शिरूर अनंतपाळ, शिरूर ताजबंद आणि शिरूर कासार यांतली पहिली दोन लातूर जिल्ह्यातली आणि तिसरं बीडचं, हे तिथल्या माणसाला एका नजरेत कळतं, दुसऱ्याला नकाशा काढावा लागतो. जालना, घनसावंगी, सेनगाव, देवणी, रेणापूर, जळकोट, कुठलाही तालुका असो, तुमच्या तालुक्याच्या गावांचा वर्ग एकदा उघडून बघा. जे गाव त्यात नको ते काढा, जे हवं आणि नाही ते घाला. आणि ‘असं का केलं’ हे चर्चापानावर एका ओळीत लिहून ठेवा. मी सध्या उदगीर आणि देवणीचे वर्ग लावतेय, त्यानंतर जळकोट घेईन.